मोठीने केलेला मठ्ठा

ताई,

तू या जगात नाहीस, हे आम्ही आईला दोन-तीनदा सांगितलं. दर वेळी ती नव्याने रडली आणि संध्याकाळपर्यंत विसरली. शेवटी डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, "आता पुन्हा सांगू नका."

हल्ली तिला अन्न नकोसं झालंय. म्हणून आज तुझ्या पद्धतीने मठ्ठा केला. दही रवीने घुसळलं, आलं-मिरची ठेचून घातली, जिरेपूड, कोथिंबीर, मीठ, आणि ज्यावरून आपण भांडायचो ती साखरही.

एक घोट घेऊन आईने वर पाहिलं. "हा मोठीने केलाय! आली का ती?"

मी म्हटलं, "हो, तिनेच केला. करून लगेच कामावर गेली."

"न पिताच? वेंधळी कुठली!" आई कितीतरी दिवसांनी हसली गं. मग अर्धा ग्लास तिने माझ्या हातात दिला. "झाकून ठेव. दमून येईल पोर."

ती आता शांत झोपलीय. ग्लास ओट्यावर आहे. मला तो पिववत नाही आणि ओतवतही नाही.

तुझीच,
धाकटी