चौथी रेघ

एल्गिन,
१२ मार्च २०१९

प्रिय ड्युगल्ड,

ऑर्कनेचा वारा तुला अजून पायांवर उभं राहू देत असेल, असं धरून लिहितोय. पंचेचाळीस वर्षांत नाताळची कार्डं सोडली तर आपल्यात अक्षर गेलं-आलं नाही. एवढं जाड पाकीट पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही.

माझं बरं आहे, गुडघे सोडून. माझी एलस्पेथ गेली त्या वर्षापासून लापशी मीच करतो आणि ती रोज भांड्याला लागते. रिकाम्या वेळात पूर्वज शोधायचं खूळ घेतलंय. जुन्या खानेसुमाऱ्या, चर्चच्या वह्या. पाच पिढ्या सापडल्या, पाचही पाथरवट. खापरपणजोबा दर वसंतात पाठीला छन्न्या बांधून एडिनबरापर्यंत चालत जायचे. दगडाच्या धुळीनं छाती भरून एक्केचाळिसाव्या वर्षी गेले.

दगडाला हात न लावलेला घराण्यात एकटा मीच. मिस क्रुकशँकच्या वर्गात चंडोलाची कविता म्हणताना खिडकीतून बाबांच्या छन्नीचा ठोका यायचा नि माझं वृत्त आपोआप त्यावर बसायचं. आजही ती कविता त्या ठोक्याशिवाय म्हणता येत नाही.

तर, टेकडीवरच्या चर्चचा मनोरा. अडुसष्ट साली बाबांनी आणि तू दुरुस्त केलात तो. त्याच्या दाराशी, कमानीखाली एक दगड आहे, इतका सुरेख घडवलेला की ऊन उतरलं की लोण्यासारखा दिसतो. त्यावर पाथरवट आपल्या कामावर कोरतो ती आपल्या घरची खूण आहे. तीस वर्षं मी रविवारच्या शाळेतल्या पोरांना तिथे नेऊन सांगत आलो, "हा माझ्या बाबांचा सर्वांत चांगला दगड."

गेल्या महिन्यात कर्स्टीला नेलं. माझी नात, तेवीस वर्षांची, पाथरवटाचं काम शिकतेय. पोरगी कविता ऐकून घेत नाही, पण दगडासमोर गप्प होते. तिनं नखानं खुणेवरचं दगडफूल खरवडलं.

"आजोबा, पणजोबांच्या खुणेत रेघा किती?"

"तीन."

"मग ही चौथी कोणाची? तीस वर्षं मोजायचं विसरलात की मोजायचंच नव्हतं?"

मी म्हटलं, चष्मा घरी राहिला. चष्मा नाकावरच होता.

पाथरवटांच्या मंडळात जाऊन खुणांची वही उघडून घेतली. रीत तुला माहीतच आहे: बापानं आपली खूण स्वतःच्या हातानं काढायची, मुलानं तिला स्वतःची एक रेघ जोडायची. आपली खूण पणजोबांपासूनची, म्हणून तिथे बाबांच्या तीन रेघा आहेत, फिक्या शाईत. चौथी तुझी, दाबून काढलेली. तो दगड तुझा, ड्युगल्ड. पुढच्याच रविवारी मी पोरांना खरं सांगितलं. एकानं विचारलं, "मग तुमचा कुठला?" सगळी हसली. मीही.

हे सगळं लिहिलं ते एक गोष्ट पुढे ढकलायला. आता लिहितो.

बाबांच्या मातीनंतर तू मला स्वयंपाकघरात विचारलं होतंस, "शेवटी माझ्याबद्दल काही बोलले का?" मी म्हटलं, "नाही." आणि त्यांची छन्नीवर मारायची लाकडी मोगरी थोरला म्हणून मी ठेवून घेतली. तू कोट उचललास नि गेलास.

ते बोलले होते. म्हणाले, "मोगरी ड्युगल्डला दे. त्याचा हात माझ्यापेक्षा खरा आहे." जन्मात त्यांनी कोणाचं कौतुक केलं नव्हतं. जे एकदा केलं, ते माझं नव्हतं. मला ते सोसलं नाही. एवढंच कारण आहे, दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

मोगरी माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे. मूठ जिथे झिजलीय तिथे माझा हात बसत नाही.

पंचवीस एप्रिलला कर्स्टीची खूण वहीत चढायची आहे. मी तिला म्हटलं, चार रेघा मी काढून देतो, अक्षर बरं आहे माझं. ती म्हणाली, "ज्याच्या रेघा त्यानंच काढायच्या. ड्युगल्ड आजोबा आले नाहीत तर मी नवी खूण घेईन, पण खोटी नाही घेणार." पोरगी तुझ्या वळणावर गेलीय.

ये. मला माफ करायला नको, तिच्यासाठी ये. जहाजाच्या धक्क्यावर मोगरी घेऊन उभा राहीन. तू हातात घेतलीस आणि एक शब्द न बोलता परतलास, तरी ती तिच्या जागी पोचली असेल. पण वहीत एक पान कोरं आहे, त्यावर आधी चार रेघा हव्यात, मग पाचवी.

आपल्यातल्या पाथरवटाला, त्याचं पंचेचाळीस वर्षांचं देणं अखेर लिहून,

तुझा थोरला भाऊ,
लॅचलन