बायसनसाठी हलकी रायफल

आबा, तुम्ही गेल्यावर तुमची ठासणीची बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. बंदुकीशी पुन्हा संबंध येईल असं वाटलं नव्हतं. आता मी औंढ्याच्या घरी बसून अमेरिकेतल्या एका खासगी कुरणाच्या वेबसाइटचं काम करते. तिथे बायसन पाळतात, म्हणजे आपल्या गव्याचे केसाळ भाऊबंद, आणि पाहुणे पैसे भरून त्यांची शिकार करतात. कोणतं हत्यार आणावं हे सांगणारं पान माझ्याकडे आहे. गोळीचं वजन, वेग, ती किती आत शिरेल, हे गणित मला येतं. परवा आईने विचारलं, "कशाचं काम करतीस गं दिवसभर?" मी म्हटलं, "जनावरांचं." "म्हंजे डेअरी?" मी हो म्हटलं. "मंग आपल्या म्हशीचं बी बघ की. दूध लय पातळ देतीया."

खाचरात रानडुक्कर शिरलं तो दिवस आठवतो. नळीत पाखरांसाठीचे बारीक छर्रे ठासलेले. नुसता बार काढून हुसकायचं होतं, पण ते अंगावर आलं आणि तुम्ही घाईत नेम धरलात. ते पडलं नाही, रक्त सांडत ओढ्याकडे गेलं. मी शाळेतून येते तर तुम्ही काठी घेऊन निघालेले. आई म्हणते, "दोन घास खाऊन जावा." तुम्ही म्हणता, "ते तिकडं तडफडतंय, आन् मी हितं भाकर मोडू व्हय?" दुसऱ्या दिवशी दुपारी ते करवंदीच्या जाळीत मेलेलं सापडलं. तोवर तुम्ही नुसत्या पाण्यावर होता.

या कामात एका हलक्या रायफलीचा प्रश्न आला. हरणाला पुरते. बायसनच्या खांद्यात तिची गोळी अडकते आणि जनावर जखमी होऊन चालत राहतं. मी ती पानावरच्या यादीतून वगळली होती. कुरणाचा मालक कॉलवर म्हणाला, बहुतेकांच्या घरी हीच असते, नको म्हटलं तर लोक दुसरीकडे जातील. मी वाद घातला नाही. "नेम अचूक असल्यास चालेल" असं लिहिलं. वाक्य खोटं ठरू नये एवढी काळजी मात्र घेतली, त्याचीच लाज वाटते. तुम्ही घाईत चुकलात. मला विचार करायला पूर्ण आठवडा होता.

हे तुम्हाला लिहिलेलं कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. आज दुपारी ते पान त्या वाक्यासकट मालकाला पाठवलं. आईने ताट वाढलं. भूक नाही म्हणावं असं मनात आलं, पण भूक होती. मी जेवले.