जी रांग, सात आणि आठ

शुक्रवार, ६ मार्च

नवा सिनेमा लागला आणि पहिल्याच खेळाला व्हरांड्यात भांडण! पोस्टरवर नवरा-बायको, एकमेकांकडे पाठ करून. मला वाटलं, हे बघायला कोण येणार — घरोघरी फुकट चालू असतं! पण निम्मं थिएटर भरलं. आणि सुटल्यावर माणसं घरी जाईनात. तिकिटाची खिडकी बंद करून मी नेहमीसारखी बाहेरचं दार धरून उभी होते, सगळं कानावर पडत होतं.

एक गृहस्थ म्हणाले, "बाई फारच शेफारली. काय कमी होतं तिला?"

मागून येणारी एक बाई, ओळख ना पाळख, फटकन म्हणाली, "काय कमी होतं ते तुम्हाला कळलं नाही ना? अहो, तोच तर सिनेमा आहे!"

गृहस्थांची बायको खुदकन हसली. मग घाईघाईने पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

शनिवार, ७ मार्च

आज शेवटचा अर्धा तास आत उभी राहून बघितला. मारझोड नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही, दुसरा बाप्या नाही. अकरा वर्षांचा संसार आणि त्यातला जीवच गेलेला. जायच्या आधी ती त्याला कपडे धुवायचं मशीन शिकवते. "हे बटण दोनदा दाबायचं. झाकणाचा खट् आवाज आला पाहिजे." बस, एवढंच. निम्मे लोक हसतात, निम्मे रडतात. एकाच वेळी!

आमचा ऑपरेटर म्हणतो, "बावीस वर्षं सिनेमे दाखवतोय, असा आवाज कधी ऐकला नाही. मला आधी वाटलं, स्पीकर गेला."

सोमवार, ९ मार्च

ठकीला पाहिलं.

जेवायला उठले होते तेव्हा मॅनेजर खिडकीवर बसले होते, म्हणून तिकीट घेताना दिसली नसावी. तीनचा खेळ सुटला आणि गर्दीत माझी लेक! एकटी. डोळे सुजलेले. मला बघितलं नाही. नेमकी बाजूच्या दाराने निघून गेली, जिथे मी नसते हे तिला चांगलं ठाऊक आहे. 

सोमवारी दुपारी ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये असते. असायला हवी.

मंगळवार, १० मार्च

फोन केला. "काल कशी होती गं?"

"काय असणार आई! दिवसभर लॅब. हात काळे-निळे झाले नमुने हाताळून."

लहानपणापासून खोटं बोलताना तिचा आवाज मधाळ होतो. मी म्हटलं, "जेवत जा वेळेवर." दुसरं काही सुचलंच नाही! जखम कुठे आणि मलम कुठे.

बुधवार, ११ मार्च

पुन्हा आली. या वेळी पहिल्या खेळाला, तिकीट मोबाईलवर काढून. मी व्हरांड्यातल्या खांबाआड उभी राहिले. स्वतःच्या पोरीला चोरून बघायची वेळ आली! मध्यंतरात लोक चहाला बाहेर आले, ती आली नाही. आत अंधुक उजेडात तशीच बसून होती, पांढऱ्या पडद्याकडे बघत.

पार्लरमधल्या सहाजणी एकत्र आल्या होत्या आज. सुटल्यावर त्यांतली जाडजूड मुख्य बाई मोठ्याने म्हणाली, "त्याला मशीन चालवता येत नाही म्हणून काय रडताय गं? माझ्याला पाणी तापवता येत नाही!" सगळ्या हसल्या. त्यांतली एक मागे राहून भिंतीला टेकली होती. तिच्याकडे बघून मोठ्या बाईचं हसणं थांबलं. मागे जाऊन तिने त्या एकीचा हात धरला आणि सगळ्या गेल्या.

चार वर्षं झाली ठकीच्या लग्नाला. गेली दोन वर्षं तिचा फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. का ते कधी विचारलं नाही. मूग गिळून बसले. ती बोलत नाही तर सगळं ठीक असेल, हे आपलं शहाणपण.

गुरुवार, १२ मार्च

आता काय लिहू. आज जावई!

तीनच्या खेळाला, शाळा सुटल्यावर. गणिताचे मास्तर ते, हातावर अजून खडूचा डाग. खिडकीत वाकले आणि मला बघून दचकले. आज माझी सुट्टी असेल असं वाटलं असणार.

"आई... एक द्या."

दिलं. जागा निवडा म्हटलं तर म्हणाले, "कुठलीही. कोपऱ्यातली."

सुटल्यावर सगळे गेले तरी हे बाहेर येईनात. मीच आत गेले. झाडूवाल्या मावशी पुढच्या रांगा झाडत होत्या आणि जावई तोंड ओंजळीत धरून बसले होते. मी पाण्याची बाटली दिली. अर्धी एका दमात प्यायले.

"तिला सांगू नका, मी आलो होतो."

"नाही सांगत."

"तुम्हाला वाटत असेल मी तिला त्रास देतो."

खरं म्हणजे तसं वाटत होतंच! दोन वर्षं मनातल्या मनात मी यांना फासावर चढवलंय. आणि समोर बघते तर परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखा चेहरा.

जाताना म्हणाले, "आमच्याकडे भांडणही होत नाही हो."

शनिवार, १४ मार्च

दोघांचं गुपित माझ्याकडे. दोघांनी एकच सिनेमा चोरून बघितला आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही! इकडे आड, तिकडे विहीर. तिला सांगावं तर त्यांना दिलेला शब्द मोडतो, न सांगावं तर जीव फुटतो.

ठकीच्या बाबांना सांगून बघावं म्हणून दुपारी यांच्या दुरुस्तीच्या दुकानात डबा घेऊन गेले. हे कोणाचं तरी शिवणयंत्र उघडून बसले होते, नाकावर चष्मा, तोंडात स्क्रू. म्हटलं, "ठकीचं काही ठीक दिसत नाही."

"हं."

"अहो, हं काय?"

तोंडातला स्क्रू काढून म्हणाले, "तेल मिळालं नाही की आवाज होतोच. होईल ठीक." आणि पुन्हा स्क्रू तोंडात. एकतीस वर्षं झाली, हा माणूस मला यंत्रांच्या भाषेत उत्तरं देतो.

पण घरी येताना विचार केला — तेल! कुणीतरी दोघांना एका जागी बसवायला हवं. बाकी माझ्या हातात काही नसेल, जागा देणं तर माझ्याच हातात आहे!

सोमवार, १६ मार्च

दोघांना वेगवेगळे फोन केले. ठकीला म्हटलं, "उद्या तुझी सुट्टी ना? तीनच्या खेळाचा पास आहे, वाया जाईल." जावयांना म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही कोपऱ्यात बसलात, नीट दिसलं नसेल." काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं. दोघेही लगेच हो म्हणाले! ठकी तर "कुठला सिनेमा" हेही विचारायला विसरली.

जी रांग, सात आणि आठ. अख्ख्या थिएटरमधल्या सगळ्यात चांगल्या जागा. बरोब्बर मध्यावर.

ऑपरेटरला सांगितलं तर म्हणाला, "वहिनी, लग्न मोडायच्या सिनेमाला बसवून लग्न जोडणार? आग विझवायला रॉकेल!"

म्हटलं, "तू रीळ सांभाळ." आता रीळ कुठलं, सगळं कॉम्प्युटरवर, पण बोलायची सवय.

मंगळवार, १७ मार्च

सगळं नीट आठवून लिहिते.

ठकी आधी आली. मी तिकीट दिलं, ती आत गेली. दहा मिनिटांनी जावई. जाहिराती सुरू झाल्यावरच त्यांना आत सोडलं, अंधारात. दाराच्या पडद्याच्या फटीतून बघत मी उभी राहिले. ते रांगेतून "माफ करा, माफ करा" करत सरकले, आठ नंबरवर बसले आणि मग शेजारी बघितलं.

ठकी अर्धवट उठली. मला वाटलं, गेलं सगळं! पण मागून कुणीतरी ओरडलं, "ओ ताई, खाली बसा!" आणि ती बसली.

दोन तास खिडकीवर माझं लक्ष नव्हतं. उद्याच्या खेळाचं तिकीट मागणाऱ्याला मी आजचं दिलं. मशीनच्या प्रसंगाला पुन्हा जाऊन उभी राहिले. लोक हसले, रडले, नेहमीसारखे. जी रांगेत दोन डोकी ताठ. मग ठकीचं डोकं खाली गेलं. खांदे हलायला लागले. माझ्या हातातला पडदा सुटला. जावईही पुढे वाकले. रडतायत दोघं, असं वाटलं.

रडत नव्हते. हसत होते! अगदी तोंड दाबून, शाळेतल्या मागच्या बाकावरच्या पोरांसारखे.

बाहेर आले तेव्हा ठकीचे डोळे लाल आणि चेहरा — किती वर्षांनी असा पाहिला. म्हणाली, "आई, यालाही मशीन येत नाही!"

"येतं," जावई म्हणाले. "फक्त मोजे उलटे करायचे राहतात."

माझं काळीज सुपाएवढं झालं. जमलं गं बाई! म्हटलं, चला, आत बसा, चहा मागवते.

मॅनेजरच्या खोलीत बसलो. चहा आला. ठकीने कप दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "आई, आम्ही वेगळं व्हायचं ठरवलंय."

मी दोघांकडे बघितलं. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"आत्ता? सिनेमात?"

"मध्यंतरात," जावई म्हणाले. "खरं तर वर्षभर दोघांनाही माहीत होतं. तोंडातून पहिल्यांदा कोण काढणार, एवढंच अडलं होतं. मी बोललो असतो तर मी तिला टाकलं असं झालं असतं."

"आणि मी बोलले असते तर तू रडली असतीस," ठकी मला म्हणाली. "तुझी भीती वाटत होती आई. त्याची नाही, कशाचीच नाही. तुझी."

माझी! मी, जिने कधी काही विचारलंच नाही, तिची!

"अगं पण आत्ता तर हसत होतात दोघं."

"म्हणून तर," ठकी म्हणाली. "एकदा ठरलं आणि हसू आलं. दोन वर्षांत आलं नव्हतं."

मी कधी रडते याची वाट बघत दोघंही बसले होते. मीही वाट बघत होते. रडू आलंच नाही. दिवसभर चावणारी चप्पल कुणीतरी हळूच पायातून काढावी, तसं झालं. मी म्हटलं, "बिस्किट घ्या." तेवढंच सुचलं. आणि तिघंही हसलो.

जाताना जावयांनी विचारलं, "आता तुम्हाला काय म्हणायचं?"

"आईच म्हणा. तिकिटाचं नातं तर तुमचं माझ्याशी आहेच."

बुधवार, १८ मार्च

ठकीचा फोन वाजला. पोटात गोळा आला नाही. दोनदा तपासून बघितलं!

गुरुवार, १९ मार्च

यांना सांगितलं. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "टाका सुटला म्हणून कुणी कापड फेकत नाही."

मी म्हटलं, "आणि कापड फाटत चाललंय तरी यंत्र चालवतच बसायचं?"

उठून दुकानात गेले. डबा न घेता.

शनिवार, २१ मार्च

दोन दिवस घरात अबोला. माझंच कुठे चुकलं का? लोक काय म्हणतील, हा किडा माझ्याही डोक्यात वळवळतोय. पण तीनच्या खेळाला एक म्हातारा-म्हातारी आले, याच सिनेमाला तिसऱ्यांदा. आजीबाईंना म्हटलं, "एवढा आवडला?" त्या म्हणाल्या, "आवडला कसला! पण परत जाताना हे माझ्याशी बोलतात. बसमध्ये सगळा रस्ता भांडतो आम्ही, कोणाचं चुकलं यावरून." आजोबा म्हणाले, "तिचंच चुकलं." आजी म्हणाल्या, "बघा, झालं सुरू!"

घरी आले तर मागच्या खोलीतून ठोकाठोकीचा आवाज. हे तिथली मोडकी यंत्रं, सुटे भाग, वीस वर्षांचं भंगार बाहेर काढत होते. पलंग भिंतीला लावला होता. खिडकीच्या बिजागरीला तेल दिलं होतं.

"ती कधी येणार?" एवढंच विचारलं.

जीव भांड्यात पडला. मी ठोकळ्यासारखी उभी. म्हणाले, "बघतेस काय, ते टोक धर!"

बुधवार, २५ मार्च

ठकी आली. जावईच सामान घेऊन आले, पुस्तकांच्या पेट्या त्यांनीच वर चढवल्या. यांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. जावई जिना उतरायला लागले तेव्हा दिव्याचं बटण दाबून उजेड केला.

गुरुवार, २६ मार्च

सिनेमा उतरला. उद्यापासून मारामारीचा. ऑपरेटर खूश. माझ्या व्हरांड्यात आता शांतता असेल.

रविवार, २९ मार्च

सकाळी कपडे वाळत घालत होतो, ठकी आणि मी. तिने सहज विचारलं, "आई, तुला कधी वाटलं होतं का? सोडून जावं असं?"

कोणाला कधी सांगितलं नव्हतं. म्हटलं, "दोनदा बॅग भरली होती."

मागे हे उभे होते, हातात चिमट्यांची टोपली.

"तीनदा," म्हणाले.