एका बुचाला एक पुपुसा

एल कोपिनोल,
सप्टेंबरचा शेवटचा सोमवार

प्रिय आणि आदरणीय सोयलाताई,

धाकट्या ऑर्बेलिनाचा नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? ह्यूस्टनला म्हणे घरोघरी गार हवेचं यंत्र दिवसरात्र घुमत असतं. त्यानेच तुझे सांधे धरतात असं माझं ठाम मत आहे, पण डॉक्टर मी नाही, तू ज्याला पैसे देतेस तो आहे. भावोजींची तब्येत सांभाळ, दोन्ही पोरींना माझे आशीर्वाद सांग. इकडे आम्ही खुशाल. आई ऐंशीची झाली तरी ठणठणीत आहे. ऐकूही चांगलं येतं (नको ते तर फारच चांगलं येतं). आपलं जुनं चलन कोलोन जाऊन डॉलर आला त्याला वीस वर्षं झाली, पण ती अजून प्रत्येक वस्तूचा भाव कोलोनमध्येच विचारते. तुझी आठवण फारशी काढत नाही, तेव्हा त्या बाबतीत निश्चिंत राहा.

तुझ्या पत्रात दोन गोष्टी होत्या. पहिली, आईचे पैसे आता फोनमधल्या या नव्या नाण्यांतून पाठवायचे तर कुठलं नाणं तिथे रोजच्या व्यवहारात चालतं. दुसरी, पैसे असे क्षणात पोचणार असतील तर यंदा सान राफाएलच्या जत्रेला मुद्दाम येण्याची तशी गरज उरत नाही. (तुझी ये-जा करायची कागदपत्रं होऊन दोन वर्षं झाली आणि तुला इथून जाऊन बारा. हे मी नुसतं लिहिलं, काही म्हटलं नाही.) दुसऱ्या गोष्टीवर मी बोलणार नाही, तुझी मर्जी. पहिलीचं उत्तर मात्र सविस्तर देते, कारण या विषयात माझ्याइतकं कळणारं माणूस या किनाऱ्यावर दुसरं नाही.

त्याचं असं झालं. सरकारने फोनमधलं नाणं चलन म्हणून चालवायचा कायदा केल्यापासून गावात तीन नाण्यांचे तीन प्रचारक झाले, आणि तिघांचाही डोळा माझ्या भिंतीवर. गावात बँक नाही, रविवारी चर्चमधली प्रार्थना संपली की अख्खं गाव आपल्या पुपुसेरियात पुपुसा, म्हणजे घेवडा आणि चीज भरलेल्या मक्याच्या भाकऱ्या, खायला येतं, म्हणजे ज्याची पाटी माझ्या भिंतीवर त्याचं नाणं गावात चाललं. पहिला आला हार्डवेअरवाल्याचा विल्बर. लहानपणी आपल्या पिठात वाळू टाकायचा तोच. आता दाढी ठेवतो. त्याचं बिटकॉइन, म्हणजे या सगळ्यांचे आजोबा. त्याला कोणी मालक नाही, ठरलेल्या संख्येपेक्षा एकही नाणं जास्त निघायचं नाही, आणि मोठा व्यवहार सावकाश पण पक्का होतो. पुपुसाएवढ्या छोट्या रकमेसाठी त्यावर एक वेगळी झटपट वाट बांधलीय, तिच्यावरून पैसे पळतात. सगळं मला पटलं. पण विल्बर स्वतः ते खर्च करायला तयार होईना, भाव वाढणार आहे म्हणे. मी म्हटलं, मग मला कशाला देतोस? तर म्हणाला, तुम्ही घ्या आणि तुम्हीही ठेवून द्या. अगं, सगळ्यांनीच ठेवून दिलं तर माझ्या घेवडेवाल्याने काय माझं तोंड बघायचं?

दुसरा एक उंच, नाक सोललेला परदेशी. त्याचं खरं नाव कोणाच्या जिभेवर बसत नाही, म्हणून सगळे त्याला चेले, म्हणजे गोरा, म्हणतात, आणि आता तोही स्वतःला चेलेच म्हणतो. त्याचं नाणं आजोबांच्याच घरातून भांडून वेगळं निघालेलं. त्याचं म्हणणं, बाजूला झटपट वाट वगैरे बांधायची नाही, मूळ रस्ताच एवढा रुंद करायचा की पुपुसाही त्यावरूनच जाईल, खर्चही नाममात्र. आणि लोकांना समजावत बसायचं नाही, सवय लावायची. म्हणून त्याने महिनाभर जो त्याच्या नाण्यात पैसे देईल त्याला एक पुपुसा स्वतःच्या खिशातून खाऊ घातली. लोकांचं त्या नाण्यावर फार प्रेम बसलं, महिनाभर.

तिसरी रिचार्जच्या दुकानातली नोएमी. तिचं नाणं म्हणजे डॉलरची सावली. कुठल्याशा कंपनीने तिजोरीत डॉलर ठेवायचा आणि आपल्याला फोनमध्ये त्याची सावली द्यायची. डॉलरएवढीच, ना कमी ना जास्त, भाव हलत नाही. तिघांत मला हीच शहाणी वाटली. पण मी विचारलं, तिजोरीची किल्ली कोणाकडे? कंपनीकडे. तिच्या मनात आलं तर माझी सावली गोठवून ठेवता येते का? तर म्हणे येते, पण तुमची कशाला गोठवतील, निन्या ऑर्बे. (पन्नाशी उलटली तरी मी गावाची निन्या, म्हणजे पोरगीच. पुपुसावालीला वय नसतं.) आणि मुळात ज्याची सावली तो डॉलर माझ्या अ‍ॅप्रनच्या खिशात आहेच की.

शेवटी मी परीक्षा ठेवली. ऑगस्टातल्या एका रविवारी, प्रार्थनेनंतर. तव्यावरची पुपुसा तीनदा उलटायच्या आत ज्याचे पैसे येतील त्याला भिंत. सगळा गाव जमला, कोणी आजोबांच्या बाजूचं, कोणी सावलीच्या, चेलेच्या बाजूचे भुकेले. आता इथे माझ्याकडून एक छोटीशी गफलत झाली, ती तुझ्यापुरती ठेव. परीक्षा म्हटल्यावर आधी पैसे आणि मग पुपुसा असं करायला हवं होतं. पण ते माझ्या तोंडून निघेना. तुला आपली रीत ठाऊकच आहे, आधी पोटभर खायचं, हात धुवायचे, आणि मग आपल्या तोंडाने किती खाल्ल्या ते सांगायचं. आईच्या वेळेपासून आपण कधी मोजलं नाही आणि कोणी कधी एक कमी सांगितली नाही. दारात आलेल्या माणसाला, अजून तो बसलाही नाही तर, पैसे काढ म्हणायचं? माझ्याने झालं नाही. त्रेचाळीस माणसं बसली, जेवली, हात धुतले, फोन काढले आणि नेमका त्याच क्षणी खांबावरच्या विजेच्या डब्यात घोरपडीएवढा सरडा शिरला. एक मोठा आवाज. गावातली वीज गेली, टॉवर गेला, आणि तो सरडाही गेला.

मग जी धावपळ झाली ती बघायला तू हवी होतीस. (म्हणजे, असतीस तर मजा आली असती, एवढंच.) विल्बर सिग्नल शोधत चर्चच्या घंटेपर्यंत चढला. चेले पाण्याच्या टाकीवर चढला आणि उतरायला घाबरला. नोएमी खुर्चीतून हलली नाही, ती शांतपणे सगळ्यांना सांगत होती की पैसे सुरक्षित आहेत, फक्त दिसत नाहीयेत. ज्यांच्याकडे फोनच होता ते आपापला आकडा सांगून घरी गेले, आणि मंगळवारपर्यंत एकूणएक येऊन देऊनही गेले. पंचाईत झाली ती नोटा देणाऱ्यांची. तीन महिने सगळं फोनवर चालल्यामुळे माझ्याकडे सुट्ट्या कोरा, म्हणजे पाव डॉलरची नाणी, उरलीच नव्हती. मी काय केलं असेल? सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं घेतली, आईपुढे हातोडी आणि खिळा ठेवला, प्रत्येक बुचाला भोक पाडून घेतलं आणि सुट्ट्या पैशांच्या जागी तीच देऊन टाकली. एका बुचाला एक पुपुसा, कधीही या.

ताई, खोटं वाटेल, पण आठवडाभरात ती बुचं गावभर फिरायला लागली. न्हावी घ्यायला लागला. बसचा कंडक्टर घ्यायला लागला, कारण त्याची दुपारची भूक आपल्याकडेच भागते. चर्चच्या दानपेटीत अकरा बुचं निघाली, ती फादर सोमवारी घेऊन आले आणि एका बैठकीत संपवून गेले. माझ्या बुचाचा भाव वाढत नाही म्हणून कोणी साठवत नाही, घसरत नाही म्हणून कोणी घाबरत नाही, आणि टॉवर पडला तरी ते खिशात वाजतं. नोएमी म्हणाली, हे तर माझंच झालं, पुपुसाची सावली. चेलेने ते शेजारच्या गावात न्यायची तयारी दाखवली. आई विचारत राहिली, एक बूच म्हणजे कोलोन किती? फक्त विल्बर तेवढा तोंड पाडून बसला होता.

"एकूण बुचं किती आहेत, निन्या ऑर्बे?" त्याने विचारलं.

"लागतील तेवढी."

"आणि किती लागतील ते कोण ठरवतं?"

"मी. आणखी कोण?"

त्याने हातातलं बूच टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "याच रोगावर औषध म्हणून आमचं नाणं काढलं होतं."

लहान तोंडी मोठा घास. मी त्याला पुपुसाबरोबरचा आंबवलेला कोबी वाढलाच नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. साठवून विसरून जायचे असतील तर आजोबा. चेले खाऊ घालत असेल तर चेले. आईचे महिन्याचे पैसे सावलीतून पाठव, नोएमी त्याच दिवशी रोख काढून देते. आणि रोजच्या व्यवहाराला बूच. जत्रेच्या दिवशी, चोवीस ऑक्टोबरला, गावातलं प्रत्येक बूच घेऊन बदल्यात पुपुसा द्यायची, असं मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, खाली सही केलीय. सगळं माझ्या हातात आहे. तुला यायची खरंच काही गरज नाही.

आईचे भरभरून आशीर्वाद आणि माझ्याकडून गुडघ्याला शेक,
तुझी धाकटी,
ऑर्बेलिना

ता. क. पाकीट बंद करण्याआधी सहज मोजदाद केली. मी स्वतः दिलेली बुचं दोनशे. काल विल्बर घरोघर फिरून मोजून आला (त्याला कोणी सांगितलं होतं?) ती नऊशे चाळीस. आधी वाटलं कोणी खोटी पाडतंय. पण खिळा तोच, हातोडी तीच, भोकही तसंच जरा डावीकडे.

ता. क. २. आईने पाडलीत. मी तव्यापाशी असते तेव्हा ती दारात खुर्ची टाकून बसते आणि जो कोणी थांबून तुझ्या गोष्टी ऐकेल त्याला बूच देते. तू दोन्ही हातांनी एकदम दोन पुपुसा थापायचीस, त्या गोष्टीला एक बूच. तू गेलीस त्या सकाळच्या गोष्टीला तीन, कारण ती लांब आहे आणि मध्ये आई थांबते. कंडक्टर त्यासाठी बस उभी ठेवतो. वर लिहिलं ना, तुझी आठवण फारशी काढत नाही, ते तेवढं खोडून वाच.

ता. क. ३. मी तिला म्हटलं, आई, आता बास, हे थांबव. ती म्हणाली, "सोयला आली की थांबवते." ताई, माझे दोन हात दिवसाला तीनशेच्या वर जात नाहीत, आणि आपल्या दारात 'संपलं' हा शब्द आजवर कोणी ऐकलेला नाही. तो चोवीस तारखेला मला बोलावा लागला तर मी पुन्हा तवा तापवणार नाही. वर्षभर पाठवणार होतीस ते पैसे पाठवू नकोस. तिकीट काढ. मला तुझे हात हवेत. आईला बाकीची तू सगळी हवी आहेस.

ता. क. ४. सोबत एक बूच पाठवते आहे. आईने तुझ्यासाठी वेगळं पाडून ठेवलं होतं, याचं भोक बरोबर मध्यावर आहे, तीनदा बूच बदलून पाडलं. तिकडे कुठे देऊ नकोस, कोणी घेणार नाही. ते फक्त इथेच चालतं.