कट्ट्यावरचा निबंध

१२ जुलै १९७६, सोमवार
नंदिनी शाळेच्या निबंध स्पर्धेत उतरली आहे. विषय : कादंबऱ्यांतली घाबरलेली मुले. मी म्हणालो, मदत करतो. म्हणाली, तात्या बघतायत. तात्या म्हणजे शेजारचे रिटायर्ड मास्तर. कालिंदी जाऊन चार महिने झाले, आता मुलीला बापच उरला. तरी शेजारी! राग नाही. फक्त नोंद.

१४ जुलै
तात्यांच्या कट्ट्यावर दीड तास चर्चा. मी बघत नव्हतो, खिडकी पुसत होतो. नंदिनी दोनदा हसली. घरात मार्चपासून एकदाही नाही.
जेवताना तिने विचारले, बाबा, भाकरी तशीच आहे, काय झालं? म्हणालो, कुठं काय.
निश्चय : निबंधासाठी ती वाचते आहे ती कादंबरी आपणही वाचणे. रोज चाळीस पाने.

१५ जुलै
पाने नऊ. चौदा वर्षांची मुलगी. नखे खाते, जिन्याच्या पायऱ्या मोजते, झोपलेल्या माणसांचे श्वास चालू आहेत का ते बघत फिरते. कारण कळले नाही. घरचे चांगले आहे, शाळाही जवळ. ऑफिसचे काम आठवल्याने पुस्तक मिटले. चष्मा घालूनच झोप लागली.

१७ जुलै
भांडीवाल्या चिमणाबाई म्हणाल्या, सायेब, पोरगी पुस्तकातल्या पोरीसाठी रडती की वो! म्हणजे आता तात्या आणि ती पायऱ्या मोजणारी, दोघे झाले. आई गेली तेव्हा माझ्यासमोर रडली नाही. मीही तिच्यासमोर नाही. घरात एकाने तरी खंबीर हवे.
पान अकरा. मुलगी अजून जिन्यातच.

१८ जुलै, रविवार, दुपार
डुलकी लागली होती. डोळे उघडले तर नंदिनी दारात, माझ्याकडे टक लावून. काय बघतेस, विचारले. म्हणाली, कुठं काय.

१९ जुलै
आज तात्यांना गप्प करायचेच म्हणून कट्ट्यावर गेलो. त्यांनी विचारले, काय सायेब, वाचलासा न्हवं? म्हणालो, अर्धी. मग त्यो जिना कशाचा वाटतुया? म्हणालो, लाकडाचा. बांधकाम जुने असावे.
तात्यांना खोकला आला. नंदिनी आत गेली. मुद्दा बिनतोड होता.

२३ जुलै
पहिला नंबर! पेढे वाटले कुणी? तात्यांनी. मुलगी कुणाची? माझी. मी एकच घेतला, तोही मानासाठी.

२४ जुलै, शनिवार, संध्याकाळ
निबंध वाचला. शेवटचा परिच्छेद असा : 'ही मुले संकटाला भीत नाहीत. काय झालं असं विचारल्यावर मोठी माणसं कुठं काय म्हणतात, त्याला भितात. मग ती मोठ्यांचं ताट बघतात, श्वास बघतात, आणि स्वतः काही सांगत नाहीत.'
यात तात्यांचा हात उघड दिसतो. कुठं काय म्हणायची खोड त्यांचीच असणार.
परिच्छेद चारदा वाचला. कागद एका जागी ओला झाला. पुसत होतो तोच नंदिनी आली. बाबा, काय झालं?
घाईत तोंडातून गेले, कुठं काय.
ती चपला घालून कट्ट्यावर गेली.