गाइडचं मागचं टोक

१२ मे

…त्या सकाळी पाणी भरून झालं होतं, उशांचे अभ्रे बदलले होते, आणि दुधावर एक डोळा ठेवून मी यांच्या शर्टाचं बटण लावत होते. शर्टाला जळक्या लाकडाचा वास येत होता. धुऊनही जात नव्हता. हे चहा पिऊन कारखान्यात गेले आणि जेवायला आले नाहीत.

आज नव्या घरात पहिल्यांदा गॅस पेटवला आणि ती सकाळ डोळ्यांसमोर आली, म्हणून लिहून टाकली. बाकी दिवस चांगला गेला. तळमजल्याच्या दोन खोल्या, मागे पत्र्याची शेड, शेडला उत्तरेची खिडकी. वर घरमालकीणबाई एकट्या राहतात. यंत्राचा आवाज होईल, असं मी आधीच सांगितलं. त्या म्हणाल्या, एक कान कामातून गेलाय, दुसरा घोरण्याने गेला होता, पण घोरणारे राहिले नाहीत. दोघी हसलो. पुष्कळ दिवसांनी हसले.

सामान हलवायला भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, आले होते. पुस्तकांची खोकी उचलताना म्हणाले, वहिनी, यात विटा भरल्यात का? शेडची जादा किल्ली त्यांनी अडीअडचणीला म्हणून स्वतःकडे ठेवून घेतली.

१६ मे

टेबल सॉ, म्हणजे टेबलाच्या फटीतून वर येणारी विजेची गोल करवत, आणला. हे फर्निचर करायचे, मी पंधरा वर्षं शेजारी बसून पॉलिश केलं, खिळे मोजून दिले, पण करवतीला हात लावला नाही. आता लावणार. वाचनालयाच्या बाईंनी दोन रॅकचं काम देऊ केलंय.

दुकानदाराने विचारलं, घरी मशीन कोण चालवणार? मी म्हटलं, मी. साहेब काय करतात, म्हणाला. साहेब फोटोत असतात, म्हटलं. बिचाऱ्याने लगेच पाणी मागवलं.

भावजींना मोठं, वापरलेलं मशीन पसंत होतं. मी मधल्या मापाचं नवं घेतलं. पातं वरखाली आणि तिरकं होतं, त्यावर पारदर्शक झाकण आहे, आणि पात्याच्या मागे पात्याइतकीच पातळ पोलादी पट्टी उभी असते. चिरलेलं लाकूड मागे पुन्हा मिटून पात्याला चिमटू नये, म्हणून ती. मोठं लाल बटण गुडघ्यानेही बंद करता येतं. भावजी म्हणाले, वहिनी, हे मशीन आहे का पाळणा? हौसच आहे तर घ्या, पण कारखान्यातला दादाचा अर्धा हिस्सा माझ्या नावे करून टाकलात की डोक्याला ताप राहणार नाही. बघू, म्हटलं.

१९ मे

सगळा दिवस मशीन बसवण्यात गेला. आधी फरशी. एक पाय हलत होता, त्याखाली लाकडाची चकती ठोकली. मग पातं टेबलावरच्या खाचेला समांतर आहे का ते पाहिलं. पात्याच्या एका दाताला खूण केली, तो दात पुढे आणून खाचेपासून माप घेतलं, मग तोच दात मागे फिरवून. सारखं आलं. मग गाइड. ज्या सरळ ॲल्युमिनियमच्या पट्टीला टेकवून लाकूड पुढे सरकवतात, ती गाइड. तीही खाचेला समांतर लावली, खालचे बोल्ट आवळले.

भावजींनी दिवसभर मदत केली, जेवलेसुद्धा नाहीत. माणूस वाईट नाही, असं मनाशी म्हटलं. मग वाटलं, हे आपण मनाशी का म्हणतोय?

२२ मे

वाचनालयातून परतले. रॅकसाठी फळ्या आल्यात, म्हणून चिरण्याआधी सहज माप घेतलं. गाइडचं मागचं टोक पात्याकडे सरकलं होतं. फार नाही, नखाएवढं. बोल्ट सैल होते. मी आवळले होते. की आवळायचे राहिले? वय झालं, असं म्हणायला मी तयार नाही. पुन्हा लावलं.

२४ मे

पात्यामागची पट्टी नाही. सगळी शेड पालथी घातली.

संध्याकाळी भावजी आले, त्यांना विचारलं. काढून ठेवली, म्हणाले, कुठे ते आठवत नाही. ती नवशिक्यांसाठी असते, कामात आड येते. दादाने जन्मात लावली नाही.

हे खोटं आहे. यांच्या मशीनला पट्टी होती. मी दर शनिवारी तिच्यावरचा चीक रॉकेलने पुसायचे. चहा दिला. साखर जास्त पडली, तर म्हणाले, वहिनी, गोड बोलायचं राहिलं म्हणून चहात का?

२६ मे

गाइड पुन्हा सरकलेली. या वेळी सरळ केली नाही, मुद्दाम. टाकाऊ तुकडा घेतला, समोर न उभी राहता बाजूला झाले, लांब काठीने थोडासाच आत ढकलला. लाकूड अडखळलं, पातं किंचाळलं, धूर आला. गुडघ्याने लाल बटण दाबलं. तुकड्याची कड काळी पडली होती.

शेडभर तोच वास. यांच्या शर्टाचा.

मशीनबरोबर आलेलं पुस्तक काढून पुन्हा वाचलं. गाइडचं मागचं टोक आत आलं की लाकूड गाइड आणि पातं यांच्यात आवळलं जातं. पट्टी नसेल तर पात्याचे मागचे दात ते उचलून समोरच्या माणसावर फेकतात. बंदुकीसारखं.

यांच्या पोटात फळी बसली. लाकडात गाठ होती, भावजी म्हणाले होते. तेव्हा कारखान्यात दोघेच होते.

२७ मे

घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या. तुमच्या दिरांसारखा माणूस मिळत नाही हो, म्हणाल्या. तुम्ही वाचनालयात गेलात की येतात, मशीन पुसतात, काहीतरी पिळतात, जातात. मी खाली डोकावले तर म्हणाले, वहिनींना सांगू नका, त्यांना वाटेल आपल्याला जमत नाही.

मी हसले. जिना धरून हसले.

कुलूप बदलावं? बदललं तर त्यांना कळेल की मला कळलं. चौकीत जावं तर दाखवू काय? नखाएवढं अंतर? ते म्हणतील, चुकून झालं. आणि झालं असेलही. वडिलांनी तसंच शिकवलं असेल, दोघे भाऊ तसंच लावत असतील. सख्ख्या भावाला कोण—

एकच गोष्ट नक्की कळायला हवी. ते हे जाणून करतात की नाही.

२९ मे

भावजींना बोलावलं. माझा हात थरथरतो, पहिली फळी तुम्ही चिरून द्या, म्हटलं. गाइड त्यांनी ठेवली तशीच होती. मी लाल बटणापाशी उभी राहिले. ते नकळत करत असतील तर तसेच समोर उभे राहतील, आणि मी बटण दाबीन. असं ठरवलं होतं.

नको वहिनी, मुहूर्त तुमच्याच हातचा, म्हणाले. मी हट्ट धरला.

मग ते वाकले. गाइड सैल केली. खिशातून मोजपट्टी काढून पुढे माप घेतलं, मागे घेतलं, सरळ केली. दुसऱ्या खिशात हात घातला आणि—माझी हरवलेली पोलादी पट्टी. पात्यामागे बसवली. फळी चिरली. लोण्यासारखी. ना धूर, ना वास.

बंद केलं. पोलादी पट्टी काढली, खिशात टाकली. गाइडचं मागचं टोक तळहाताने आत ठोकलं. बोल्ट आवळले. माझ्याकडे बघत. बाहेर पडताना दिवा मालवावा, इतक्या सहज.

हं, आता तुम्ही, म्हणाले. आणि बाजूला सरकून उभे राहिले.

गॅसवर काहीतरी आहे, म्हटलं. उद्या करते.

उद्या हिश्श्याच्या सहीचंही उरकू, म्हणाले. दोन्हींपैकी एक काहीतरी उद्या होऊ दे, वहिनी.

३० मे, सकाळ

झोप नाही. त्यांना माहीत आहे. आणि मला माहीत आहे हे त्यांना—

सही केली तर हे कशासाठी गेले? नाही केली तर आज नाही उद्या, एखादी फळी—

यांचा चेहरा आठवत नाही नीट. नुसता शर्ट.

३१ मे

काल सही केली नाही. मशीनही लावलं नाही. आज दुपारी भावजी घरी जेवायला गेले, तेव्हा मी कारखान्यात गेले. दिवसा तिथे कुलूप नसतं. त्यांच्या मशीनवर एक फळी अर्धी चिरून ठेवली होती, परत येऊन पुरी करायला. मध्येच कोण पुन्हा माप घेतं? मी पात्यामागची पट्टी काढून पिशवीत टाकली. बोल्ट सैल केले, आणि गाइडचं मागचं टोक तळहाताने, इतकंसंच—