क्रीटची माणसं आणि आमचं गाव

परतूर, मंगळवार, संध्याकाळ

सुमनची, माझ्या पुतणीची, सोयरीक मोडली. वाटूरच्या मामांनी मघाशी फोनवर पक्कं सांगितलं. स्थळ त्यांनीच आणलं होतं.

कारण दादांची, म्हणजे तिच्या वडिलांची, थट्टा. आमच्या गावाला सगळे थापाड्यांचं गाव म्हणतात, आणि आम्हीच ते हसत सांगत फिरतो. परवा बैठकीत मुलाच्या वडिलांनी पोरगी कशी आहे विचारलं, तर दादा म्हणाले, "लै गुणाची! पण माझं ऐकू नका, आमच्या गावात खरं कुणी बोलत न्हाई." सगळे हसले. मुलाचे वडील हसले नाहीत. आता म्हणतात, "बापच असं म्हणून राह्यला, मंग इस्वास कसा ठेवावा?"

आणि मी आज दुपारीच पेपरच्या पुरवणीसाठी 'क्रीटन' या शब्दावर लिहून पाठवलं. अर्थ साधा आहे, ग्रीसच्या क्रीट बेटावरचा माणूस. पण क्रीटचे लोक कायम खोटं बोलतात, असं फार पूर्वी त्यांच्यातलाच एक जण म्हणाला म्हणतात. जगानं तेवढंच लक्षात ठेवलं. मी ते गंमत म्हणून लिहिलं. तिथल्या लेकीबाळींचं काय झालं असेल, हे कसं सुचलं नाही?

सुमन एवढंच म्हणाली, "काका, बाबांना बोलू नका."

तो माणूस हसला नव्हता. मला दिसलं होतं, तेव्हाच.

उद्या दादा वाटूरला जाणार, ती थट्टा होती हे मुलाच्या वडिलांना सांगायला. सोबत मला चल म्हणतात. जाईन. पण मीही त्याच गावचा.